साडेचारशे मुलं, साडेचारशे लॅपटॉप: शाळेची तयारी कोणत्या क्रमाने करावी

प्रश्न थोडक्यात असा: पहिली ते पाचवीचे पंधरा वर्ग, वर्गात साधारण तीस मुलं, म्हणजे ४५० विद्यार्थी. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येकाला लॅपटॉप द्यायचं ठरलंय, पैसे मंजूर झालेत. शाळेने आधी काय काय करून ठेवायचं?

लॅपटॉप कोणता घ्यायचा याने सुरुवात करू नका. बैठकांमध्ये सगळा वेळ त्यातच जातो आणि खरी कामं मागे पडतात. सगळ्या तयारीला एकच फूटपट्टी लावा: बाईंनी किंवा सरांनी "लॅपटॉप काढा" म्हटल्यापासून वर्गातलं शेवटचं मूल हव्या त्या पानावर पोचेपर्यंत किती मिनिटं गेली? चाळीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं परवडतात. बारा लागायला लागली की पंधरवड्यात शिक्षक लॅपटॉप काढणंच सोडून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वीज, वाय-फाय, लॉगिन, ट्रॉली (वर्गाचे लॅपटॉप ठेवून चार्ज करायचं चाकांचं कपाट), बाक, सगळं या पाच मिनिटांच्या हिशेबाने पाहायचं.

नुसती यंत्रं वाटून काय होतं हे पेरू देशात दिसलं आहे. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या हातात संगणक आले, वापरही वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं.

पहिलं काम विजेचं, आणि तेही नऊ-दहा महिने आधी, कारण भिंत फोडायची तर ती सुट्टीतच फोडता येते. छोट्या लॅपटॉपचा अडॅप्टर सहसा ४५ वॅटचा असतो. एका ट्रॉलीत तीस म्हणजे १३५० वॅट, २३० व्होल्टला सुमारे ६ अँपिअर. १२० व्होल्टच्या देशांत हाच आकडा जवळपास दुप्पट. ऐकायला फार नाही, पण दोन ट्रॉल्या एकाच सर्किटवर आणि त्याच सर्किटवर पंखे, प्रोजेक्टर असं झालं की एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागतो. तोही भाराने पडेलच असं नाही. तीस अडॅप्टर एकाच क्षणी चालू होतात तेव्हा पहिला झटका नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. म्हणून ट्रॉली घेताना ती गटागटाने, थोड्या थोड्या वेळाने चार्जिंग सुरू करणारी आहे ना, ते बघा.

आरसीसीबीचा, म्हणजे वीज जमिनीकडे गळली की सर्किट तोडणाऱ्या स्विचचा, त्रास त्याहून फसवा. प्रत्येक अडॅप्टरमधून अगदी बारीक, मिलिअँपिअरच्या काही अंशांइतका गळतीचा प्रवाह जमिनीकडे जात असतो. तो सदोष नाही, अडॅप्टरची रचनाच तशी असते. पण साठ अडॅप्टरांची बेरीज झाली की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडू शकतो, कारण तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडायला मोकळा असतो. वायरमन येतो, दोष शोधतो, काहीच सापडत नाही. म्हणून दर ट्रॉलीला स्वतंत्र सर्किट, स्वतःचा एमसीबी आणि स्वतःचंच गळतीसंरक्षण असावं. पंधरा ट्रॉल्या एकदम चालल्या तर २० किलोवॅटचा भार होतो. इमारतीच्या मंजूर भारात तो बसतो का, हे लेखी विचारून घ्या. रात्री दोन पाळ्यांत चार्जिंग केलं तर निम्म्यावर भागतं.

आणि एक साधी गोष्ट. संध्याकाळी शाळा बंद करताना मेन स्विच पाडून जायची सवय असेल तर सकाळी एकही लॅपटॉप चार्ज झालेला नसेल. ट्रॉल्यांच्या सर्किटला वेगळा स्विच आणि त्यावर ठळक अक्षरांत "बंद करू नये" अशी पाटी लावा.

दुसरं काम वाय-फायचं. इथे बहुतेक शाळा पैसे वाचवायला अॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी पेटी) व्हरांड्यात लावतात, "चार वर्गांना पुरेल" म्हणून. सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात, म्हणून सगळे खूश असतात. मग १२० लॅपटॉप एकाच अॅक्सेस पॉइंटला लटकतात आणि कुणाचंच पान उघडत नाही. सिग्नल पोचणं वेगळं आणि एका वेळी किती यंत्रांना उत्तर देता येतं ते वेगळं. एका वर्गात एक, छताला, वर्गाच्या आत लावा. पंधरा वर्ग, वाचनालय, शिक्षकांची खोली आणि सभागृह मिळून अठरा.

बसवताना या गोष्टी करून घ्या. विद्यार्थ्यांचं नेटवर्क फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत (१, ६, ११), आणि पंधरा वर्गांना तीन चॅनेल पुरत नाहीत. चॅनेलची रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ ठेवा. ८० वर एकट्या यंत्राची वेगचाचणी छान येते, शेजारचे वर्ग मात्र एकमेकांना अडवतात. प्रक्षेपणाची शक्ती कमी करा, नाहीतर दुसरीतला लॅपटॉप भिंतीपलीकडच्या तिसरीच्या अॅक्सेस पॉइंटला चिकटून बसतो. केबल कॅट ६, एक तुकडा १०० मीटरच्या आत. केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच घेताना पोर्ट मोजून थांबू नका, एकूण वॅट मोजा: अठरा अॅक्सेस पॉइंट प्रत्येकी २० वॅटने ३६० वॅट होतात. चोवीस पोर्टचा पण १९० वॅटचा स्विच घेतला तर निम्मेच धड चालतील.

आयपी पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या क्रमांकांचा, हिशेब हमखास राहून जातो. घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या राउटरची मूळ मांडणी २५४ पत्त्यांची असते. ४५० लॅपटॉप, शिक्षकांची यंत्रं, सगळ्यांचे फोन. सकाळी सगळं सुरळीत, तिसऱ्या तासाला काही वर्गांत वाय-फायचं चिन्ह दिसतं पण काहीच उघडत नाही. असं ठरावीक वेळेला होत असेल तर आधी डीएचसीपीचा (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीचा) साठा तपासा. /२२ ची मांडणी केली की १०२२ पत्ते मिळतात. पत्ता सात दिवस राखून ठेवायचीही गरज नाही, आठ तास पुरेत. शिक्षकांचे आणि पाहुण्यांचे फोन वेगळ्या नेटवर्कवर टाका.

इंटरनेट किती लागेल? अमेरिकेत शाळांसाठी १००० विद्यार्थ्यांमागे १ गिगाबिट असं उद्दिष्ट ठेवलं गेलं होतं. त्या मापाने ४५० ला साडेचारशे मेगाबिट होतात. तेवढं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर वापराला शिस्त लावा. तीस मुलांनी तोच व्हिडिओ वेगवेगळा लावला तर प्रत्येकी अडीच मेगाबिटने ७५ मेगाबिट जातात. तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवला तर अडीच. अपडेटचं गणित यापेक्षा मोठं. एक जीबीचं अपडेट ४५० यंत्रांना म्हणजे ४५० जीबी. १०० मेगाबिटच्या जोडणीवर, दुसरं काहीही न चालवता, ते दहा तास घेईल. शाळेच्या वेळेत अपडेट बंद ठेवा आणि वर्गवार दिवस वाटून द्या. एका यंत्राने उतरवलेलं शेजारच्यांनी उचलायची सोय विंडोज आणि क्रोमओएस (क्रोमबुक लॅपटॉपची प्रणाली) दोन्हींत आहे. पण वाय-फायवर यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग चालू असेल तर ती सोय गप्प बसते आणि कुणाला कळतही नाही.

ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड मागणारं स्वागतपान विद्यार्थ्यांच्या नेटवर्कवर ठेवू नका. सहा वर्षांच्या मुलाला दोनदा लॉगिन करायला लावायचं म्हणजे पाचातली तीन मिनिटं तिथेच संपली. वाय-फायची किल्ली (पासवर्ड) व्यवस्थापन कन्सोलमधून, म्हणजे सगळी यंत्रं एका जागेवरून सांभाळायच्या पानावरून, यंत्रावर ढकलायची, मुलांना आणि शिक्षकांनाही ती माहीत असायची गरज नाही. नवीन यंत्राला मात्र ती किल्ली मिळण्याआधीच इंटरनेट लागतं, म्हणून यंत्र त्या कन्सोलला जोडायच्या नोंदणीपुरतं एक तात्पुरतं नेटवर्क उघडा आणि काम झालं की बंद करा.

आता लॉगिन. प्राथमिक शाळेत सगळ्यात जास्त वेळ इथेच सांडतो. खाती हजेरीपटाच्या यादीवरून एकगठ्ठा बनवा, पण वापरकर्त्याचं नाव मुलाच्या नावावरून नको, प्रवेश क्रमांकावरून. नावं सारखी असतात, स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं, आणि छोट्या मुलांना आकडे टाइप करणं सोपं जातं. पत्त्यातला @ नंतरचा भाग आपोआप भरला जाईल अशी सेटिंग करा. पहिली-दुसरीसाठी क्यूआर कार्ड ठेवा, कॅमेऱ्यासमोर धरलं की आत. कार्ड म्हणजेच पासवर्ड, त्यामुळे ते दप्तरात नाही, वर्गातल्या खिशांच्या तक्त्यात राहील, आणि हरवलं की त्याच दिवशी जुनं रद्द. तिसरीपासून दोन छोटे शब्द आणि एक आकडा असा पासवर्ड चालतो. कॅपिटल अक्षरं आणि विशेष चिन्हं नकोत. कळांवर छापलेली अक्षरं कॅपिटल असतात आणि पासवर्ड लहान लिपीत, याने मुलं पहिले काही आठवडे गोंधळतात. भिंतीवर मोठं-छोटं अक्षर जोडीने दाखवणारं कीबोर्डचं चित्र लावा, बराच फरक पडतो. शिक्षकाला आपल्या वर्गातल्या मुलांचा पासवर्ड स्वतः बदलता आला पाहिजे. प्रत्येक वेळी ऑफिसात चिठ्ठी पाठवायची पद्धत आठवडाभरही टिकत नाही. लॉगिन झाल्यावर एकच पान उघडावं, वर्गाचं, मोठ्या चित्रांची पाच-सहा बटणं असलेलं.

लॅपटॉपची निवड त्यामानाने सोपी. साडेअकरा इंचाच्या आसपासचा पडदा, वजन दीड किलोच्या आत, रबरी कडा, पाणी सांडलं तरी तग धरणारा कीबोर्ड. रॅम ८ जीबी घ्या. ४ जीबीवर आज भागेल, चार वर्षांनी शिक्षक वैतागतील. पहिली-दुसरीला टचस्क्रीन लागतोच, त्या वयात टचपॅडवर बोट नीट चालत नाही. आणखी एक गोष्ट विक्रेत्याला नेमकी विचारा: चार्जिंगचं पोर्ट मुख्य बोर्डावरच डाग दिलेलं आहे की वेगळ्या छोट्या पट्टीवर? वेगळ्या पट्टीवर असेल तर पोर्ट मोडल्यावर पट्टी बदलली की झालं. मुख्य बोर्डावर असेल तर बोर्डच बदलावा लागतो, आणि मुलांच्या हातात पोर्ट मोडणारच. क्रोमबुकला अपडेट मिळतात ते त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून दहा वर्षं, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची मुदत आधी बघा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोज ११ चालत नसलेली जुनी यंत्रं देणगी म्हणून आली तरी नम्रपणे नाकारा. दहा तऱ्हेचे लॅपटॉप आणि दहा तऱ्हेचे चार्जर फुकट मिळाले तरी महागच पडतात.

संख्या: विद्यार्थी ४५०, शिक्षक आणि कार्यालय मिळून २०, जादा ३०. एकूण ५००. जादाचे तीस कपाटात ठेवू नका. वर्गामागे दोन, ट्रॉलीतच, ३१ आणि ३२ क्रमांकाच्या कप्प्यांत. म्हणजे ट्रॉली बत्तीस कप्प्यांची घ्या. मुलांचं काम खात्यात साठत असल्याने एखादा बंद पडला की ३१ नंबर उचलायचा, लॉगिन करायचं, तास पुढे चालू.

पाचशे यंत्रांच्या नोंदणीला प्रत्येकी सहा मिनिटं धरली तरी पन्नास तास होतात. विक्रेत्याकडूनच नोंदणी करून मिळते का ते खरेदीच्या पत्रातच लिहा, नंतर मागितलं तर त्याचे वेगळे पैसे लागतात. पाचशे खोकी ठेवायला एक रिकामी खोली लागते हेही आयत्या वेळी आठवतं. दहा-बारा खोकी वॉरंटीसाठी ठेवा, बाकी रद्दीत. ट्रॉलीचा कप्पा, लॅपटॉप आणि मुलाचा हजेरी क्रमांक एकच असू द्या. "३-क-१७" असा स्टिकर ट्रॉलीत उभा ठेवल्यावर दिसेल त्या कडेला लावा आणि मूळ अनुक्रमांकाची नोंद खाली बारकोडसह. अडॅप्टर मुलांना वाटायचे नाहीत, ट्रॉलीत पक्के बांधायचे. कप्प्याबाहेर वायर जेमतेम वीतभर सुटी ठेवा. जास्त सोडली की दारात सापडते आणि सोलली जाते.

सगळं बसवून झालं की वाटपाआधी एक कठोर चाचणी घ्या. एका वर्गात तीसही लॅपटॉप एकाच वेळी उघडून लॉगिन करा, एकच पान आणि मग एकच व्हिडिओ लावा. ते जमलं की शेजारच्या दोन वर्गांसह पुन्हा. घड्याळ लावून मोजा. एका यंत्रावर वेग मोजून "नेट मस्त आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शिक्षकांना लॅपटॉप मुलांच्या किमान एक सत्र आधी मिळाला पाहिजे, आणि तोही मुलांना मिळणार तोच. सोबत एक विद्यार्थ्याचं खोटं खातं, म्हणजे मुलाला काय दिसतं ते त्यांना कळेल. दोन दिवसांची सलग कार्यशाळा घेतली तर दुसऱ्या दुपारी कुणीच ऐकत नसतं. दर पंधरा दिवसांनी एक तास, असे सहा तास घ्या, आणि प्रत्येकात "पुढच्या आठवड्यात वर्गात हे एक करून बघा" एवढंच सांगा. अॅपची यादी डझनाच्या आत ठेवा. वापराची सक्ती, रोज अमुक मिनिटांचा कोटा, अजिबात नको. कोटा भरायचा म्हणून मुलं खेळ खेळत बसतात. या वयात अक्षर वहीतच वळतं, त्यामुळे लॅपटॉपचं काम सलग वीस-तीस मिनिटांपेक्षा लांबवू नका.

बाकांकडे एक नजर टाका. उतरत्या फळीचे बाक असतील तर लॅपटॉप घसरून पडणार. पुढच्या कडेला पट्टी ठोकून घ्या. पाण्याच्या बाटल्या बाकावर नाहीत, खाली. खिडकीचा उजेड पडद्यावर येत असेल तर बाकांची दिशा बदला.

वाटप पाचवीपासून सुरू करून खाली या, दोन इयत्तांमध्ये आठवडा-पंधरवडा ठेवा. प्रत्येक वर्गाचा पहिला आठवडा अभ्यासाचा नाही. रोज वीस मिनिटं फक्त आणणं, उघडणं, लॉगिन, बंद करणं, जागेवर ठेवून पिन लावणं. पाच-पाच मुलांनी उठायचं, दोन्ही हातांनी, छातीशी धरून. झाकण मध्यभागी धरून उघडायचं, कोपऱ्याला धरून नाही. शिक्षक बोलत असताना "झाकण अर्धं". पूर्ण मिटलं तर यंत्र झोपी जातं आणि काही वेळा पुन्हा लॉगिन मागतं. ट्रॉलीजवळ दोन मुलं मॉनिटर म्हणून ठेवा, चार्जिंगची पिन लागली की दिवा पेटला का तेवढंच त्यांनी बघायचं.

पहिल्या वर्षी लॅपटॉप घरी द्यायचे का? माझं स्पष्ट मत, नाही. सकाळी पाच मुलांनी घरी विसरलेला आणि चार जणांनी चार्ज न केलेला असतो, म्हणजे तासच होत नाही. पुढे द्यायचे ठरले तर आक्षेपार्ह मजकुराची गाळणी शाळेच्या नेटवर्कवर असून पुरत नाही, ती यंत्रावर आणि खात्यावर हवी. पाहुणा म्हणून लॉगिन बंद, डेव्हलपर मोड (यंत्रावरची बंधनं काढून टाकणारी सोय) बंद, आणि यंत्र पुसून टाकलं तरी ते पुन्हा शाळेच्याच ताब्यात येईल अशी सक्तीची नोंदणी, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून. चौथी-पाचवीतली मुलं पळवाटा शोधण्यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

मोडतोडीची कारणं ठरलेली आहेत. पडदा फुटतो तो पडून कमी, कीबोर्डवर पेन्सिल राहिली असताना झाकण मिटल्याने जास्त. हेडफोनची पिन आतच तुटते, कारण तो लावलेला असतानाच लॅपटॉप उचलला जातो; काटकोनी पिनचा घ्या. ब्लूटूथ हेडफोन तीस मुलांच्या वर्गात जोडत बसायची कल्पनाच सोडा. कळा उपटल्या जातात त्या कंटाळ्याने. पाचशे यंत्रांना सुरुवातीला पंधरा पडदे, दहा कीबोर्ड, पंधरा अडॅप्टर आणि चार-पाच चार्जिंग पट्ट्या हाताशी ठेवा. दुरुस्ती वहीत तारीख, क्रमांक, भाग आणि कारण लिहा. महिन्याने ती चाळली की एकाच वर्गात पडदे जास्त फुटतात असं दिसतं, आणि तिथे लॅपटॉपपेक्षा ने-आण करायची रीत बदलावी लागते.

टचपॅड वर आलेलं, झाकण नीट मिटत नसलेलं यंत्र दिसलं की ती फुगलेली बॅटरी समजा. ते चार्ज करायचं नाही, ट्रॉलीत ठेवायचं नाही, दाबून बसवायचं नाही. इतर यंत्रांपासून दूर, जळाऊ वस्तू नसतील अशा जागी ठेवून जाणकाराला बोलवा. हे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवं.

पालकांसाठी एक पानी करार पुरे: अपघाताचा खर्च कुणाचा, मुद्दाम मोडलं तर कुणाचा, हरवलं तर काय. रकमा वाटपाआधी ठरवा. मुलांच्या खात्यांसाठी पालकांची संमती लागते, पण कोणत्या वयापर्यंत ते देशागणिक बदलतं: अमेरिकेत १३ च्या आतल्या मुलांसाठी, युरोपात १३ ते १६ पर्यंत, भारतात २०२३ च्या कायद्यानुसार १८ च्या आत. प्रत्येक अॅप मुलाची कोणती माहिती घेतं हे यादीतच लिहून ठेवा.

लांब सुट्टीत लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवू नका आणि रिकामेही नकोत. निम्म्याच्या आसपास चार्ज, पूर्ण बंद करून, ट्रॉलीची वीज काढून कोरड्या खोलीत. नुसतं झाकण मिटून ठेवलं तर बॅटरी हळूहळू पूर्ण उतरते आणि काही पुन्हा उठत नाहीत. काहींची तारीखही चुकते, मग एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही आणि दोष वाय-फायवर जातो. शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी सगळे चार्ज करा, तारीख बघा, साठलेली अपडेट वर्गवार उरकून घ्या, आणि नव्या हजेरीपटाप्रमाणे कप्प्यांचे क्रमांक बदला.